नाव, रूप आणि न दिसणारे असत्य

१

छापील पानावर दिसत नाही असे असत्य असू शकते काय, आणि असल्यास त्याला असत्य म्हणावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दच्छल वाटण्याचा संभव आहे. वाचकाच्या हाती पडते ते छापील पान. त्यावर जे उमटलेच नाही त्याची जबाबदारी लेखकावर टाकण्यात अर्थ नाही, असे सर्वसाधारण मत असते. परंतु गेल्या सुमारे पन्नास वर्षांत अक्षरजुळणीच्या तंत्रात जो पालट झाला त्यामुळे हा प्रश्न केवळ शब्दच्छल राहिलेला नाही. लेखक आता अनेकदा पान लिहीत नाही. तो एक संहिता लिहितो आणि त्या संहितेपासून पान सिद्ध होते. संहिता आणि पान यांच्यात असे अंतर पडले की त्या अंतरात खरेपणाला, आणि म्हणून खोटेपणालाही, जागा निर्माण होते.

या अंतराचे स्वरूप समजण्यासाठी ‘लाटेक्’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मॅक्रो पॅकेजचे उदाहरण घेणे सोयीचे आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती १९७७ साली निघण्याच्या बेतात होती. पहिली आवृत्ती शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेली होती. नव्या आवृत्तीची मुद्रिते मात्र प्रकाशजुळणीने तयार होऊन आली, आणि त्या पानांचे रूप कनूथ यांना इतके असमाधानकारक वाटले की त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची आज्ञावली रचावयास घेतली. वर्षभरात आटोपेल असे वाटलेले हे काम जवळजवळ दहा वर्षे चालले. या आज्ञावलीचे नाव ‘टेक्’. टेक् ही मूलतः बारीकसारीक आज्ञांची भाषा आहे: येथे इतकी जागा सोडावी, येथून हा ठसा वापरावा, ही चौकट त्या चौकटीवर ठेवावी. खिळे उचलून ओळ भरणाऱ्या जुळाऱ्याच्या हालचालींचीच ती भाषा होय. अशा अनेक आज्ञांची एक जुडी बांधून तिला नाव द्यावे आणि पुढे त्या नावाच्या उच्चारानेच ती सारी जुडी कार्यान्वित व्हावी, ही सोय म्हणजे मॅक्रो. आणि एका विशिष्ट दृष्टीने रचलेल्या अशा नावांचा संच म्हणजे मॅक्रो पॅकेज. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत टेक्च्या पायावर रचलेला असा संच म्हणजे लाटेक्. त्याचे मार्गदर्शक पुस्तक १९८६ साली प्रसिद्ध झाले.

कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. बेल प्रयोगशाळेतील ‘ट्रॉफ’ या आज्ञावलीसाठी माइक लेस्क यांनी रचलेल्या ‘एमएस’ या संचात शीर्षक, लेखक, सारांश, परिच्छेद या घटकांना १९७० च्या दशकातच नावे मिळाली होती. ब्रायन रीड यांच्या ‘स्क्राइब’ या आज्ञावलीने तर घटकांची नावे आणि त्यांचे दृश्य रूप यांची फारकत हेच आपले मुख्य तत्त्व मानले होते. लाटेक्ने हे तत्त्व जगभरच्या गणितज्ञांच्या आणि वैज्ञानिकांच्या नित्य व्यवहारात आणले. तत्त्व थोडक्यात असे: लेखकाने ‘हे काय आहे’ एवढेच सांगावे; ‘ते कसे दिसावे’ हे संचाने ठरवावे. लेखक साध्या अक्षरांत लिहितो आणि घटकाच्या आधी त्याचे नाव नोंदवितो: हे प्रकरण, हा विभाग, हे उद्धरण, हे प्रमेय, ही तळटीप. ठसा, अंतर, क्रमांक यांची चिंता त्याने करावयाची नाही.

२

नाव लेखकाचे आणि रूप संचाचे, ही विभागणी वरवर पाहता केवळ श्रमांची विभागणी वाटते. तिच्यामागे जबाबदारीचीही एक विभागणी आहे, आणि ती ध्यानात येण्यासाठी जुन्या छापखान्याकडे वळून पाहावे लागते. हस्तलिखित जुळाऱ्याच्या हाती येई तेव्हा त्यात सारेच स्पष्ट नसे. लेखकाने एखादी ओळ थोड्या मोठ्या अक्षरात, कागदाच्या मध्यभागी लिहिलेली असे. ते शीर्षक आहे हे जुळारी आपल्या समजुतीने ओळखी. एखादा मजकूर अवतरणचिन्हांविना आत ढकलून लिहिलेला असे. ते दुसऱ्याचे वचन आहे की लेखकाचेच, याविषयी शंका आल्यास तो विचारी, निदान विचारू शके. म्हणजे मजकुराचा अर्थ ओळखणे आणि त्याला रूप देणे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या समजुतीत एकत्र नांदत होती. यंत्राने जुळाऱ्याची जागा घेतली तेव्हा ही समजूत दोन ठिकाणी वाटली गेली. रूपाची समज नियमांच्या स्वरूपात आज्ञावलीत आणि संचात गेली. अर्थाची समज मात्र यंत्राला देता आली नाही, ती लेखकाकडे परत आली. घटकाचे नाव लेखकाने स्वतः, उघडपणे, अक्षरांनी नोंदविलेच पाहिजे, अन्यथा ते कोणीही ओळखणार नाही.

रूपाच्या बाजूची समज किती काटेकोर झाली आहे हे पाहण्यासारखे आहे. परिच्छेदाच्या ओळी कोठे तोडाव्यात याविषयी कनूथ आणि मायकेल प्लास यांचा निबंध १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पद्धत एकेक ओळ सुटी न पाहता परिच्छेदाचा समग्र विचार करते: प्रत्येक संभाव्य तोडणीचे मोल ठरविते आणि ज्या तोडण्यांचा एकत्रित दोष सर्वांत कमी तो क्रम स्वीकारते. या हिशेबाची परिभाषा विलक्षण आहे. शब्दांमधील जागा प्रमाणाबाहेर ताणली वा आवळली गेली की ओळीला ‘वाईटपणा’चे गुण लागतात, आणि त्याची कमाल मर्यादा १०,००० आहे. शब्द मध्येच तोडल्यास ५० ‘दंड’. परिच्छेदाची शेवटची ओळ एकटीच पुढच्या पानाच्या माथ्यावर गेल्यास १५० ‘दंड’. हे आकडे कनूथ यांनीच रचलेल्या मूळ, साध्या संचातले आहेत आणि कोणालाही वाचता व बदलता येतात. किती वाईटपणा खपवून घ्यावा याच्या मर्यादेला ‘सहिष्णुता’ असे नाव आहे, आणि त्या संचात ती २०० ठेवलेली आहे. एखादी ओळ कोणत्याही उपायाने समासात बसत नसेल तर त्या ओळीच्या टोकाला एक काळी पट्टी उमटते. यंत्र जणू आपली कसूर स्वतःच कबूल करते.

नावाच्या बाजूला मात्र असा कोणताही दंड नाही. विभागाचे शीर्षक ‘विभाग’ या नावाने न नोंदविता ‘ठळक ठसा, मोठे अक्षर, वर-खाली थोडी जागा’ अशा आज्ञांनी हुबेहूब वठविता येते. त्याउलट जो मजकूर उद्धरण नाही त्याला, केवळ तो दोन्ही बाजूंनी आत सरकावा म्हणून, ‘उद्धरण’ हे नाव देता येते. अशी युक्ती योजणारे लेखक विरळ नाहीत. दोन्ही प्रसंगी यंत्र तक्रार करीत नाही, काळी पट्टी उमटत नाही. छापील पान अगदी तसेच निघते, जसे खऱ्या नावाने निघाले असते. दोन लेखकांच्या दोन संहिता, एक यथार्थ नावांची आणि दुसरी सोयीच्या नावांची, एकच पान देतात. प्रारंभी उपस्थित केलेला प्रश्न येथे मूर्त होतो: पान एकच असेल तर या दोघांच्या कृतीत नैतिक भेद आहे काय?

३

भेद नाही असे म्हणणाऱ्याची बाजू दुबळी नाही. तो म्हणेल: असत्याला फसविण्याचा हेतू लागतो आणि फसणारा कोणी लागतो. आत सरकविण्यासाठी ‘उद्धरण’ हे नाव वापरणाऱ्याच्या मनात कोणालाही फसविण्याचा हेतू नाही. आणि वाचकाच्या हाती आलेल्या पानात एका अक्षराचाही फरक नसल्याने फसलेला कोणी नाही. संहिता हे कारखान्यातले सामान आहे. सुताराने खुर्ची करताना पट्टीला हातोडी म्हटले काय नि हातोडीला पट्टी म्हटले काय, खुर्चीवर बसणाऱ्याला त्याचे सुखदुःख नाही.

या युक्तिवादाचे एक गृहीतक आहे: पान डोळ्यांनी पाहणारा तोच वाचक. ते गृहीतक किती अपुरे आहे हे दाखविणारी एक घटना १९९४ सालची आहे, आणि तिचा धागा पुण्यापर्यंत येतो. टी. व्ही. रामन यांचा जन्म पुण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुणे विद्यापीठात गणिताचे आणि त्यानंतर मुंबईच्या आयआयटीत शिक्षण घेऊन ते अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गेले. तेथे त्यांनी पीएच.डी.साठी ‘ॲस्टर’ नावाची जी प्रणाली सिद्ध केली ती लाटेक्मध्ये लिहिलेले गणिती लेखन मोठ्याने वाचून दाखविते. गणित हे कानाने वाचणे सर्वांत अवघड. कारण त्यातील बराचसा अर्थ अक्षरांच्या जागेत असतो, म्हणजे काय वर आहे, काय खाली आहे, काय रेघेखाली आहे यात. ॲस्टर पान पाहत नाही. ती संहिता वाचते, नावांवरून लेखनाची रचना एखाद्या वृक्षासारखी उभी करते आणि ती रचना ध्वनीत उतरविते. घातांक आला की आवाजाची पट्टी चढते, पादांक आला की उतरते. ऐकणाऱ्याला या वृक्षाच्या हव्या त्या फांदीवर जाता येते, नको ती ओलांडता येते.

हे शक्य झाले याचे कारण लाटेक्च्या संहितेत अपूर्णांक हा ‘अपूर्णांक’ या नावानेच नोंदविलेला असतो. आधी अंश, मग छेद. आता अशी कल्पना करावी की एखाद्या लेखकाने हे नाव न वापरता वर एक चौकट, मध्ये रेघ आणि खाली दुसरी चौकट अशी मांडणी करून अपूर्णांकाचे चित्र वठविले. डोळस वाचकाला तो अपूर्णांकच दिसेल. पण दृष्टिहीन वाचकाच्या कानी ज्या तीन असंबद्ध गोष्टी पडतील त्यांत अपूर्णांक कोठेही नसेल. हीच स्थिती वठविलेल्या शीर्षकाची. ऐकणाऱ्याला पुस्तकात वाट शोधावयाची असते ती शीर्षकांवरून. जे केवळ ठळक आहे, पण शीर्षक म्हणून नोंदलेले नाही, ते त्याच्या लेखी शीर्षकच नाही. आणि केवळ आत सरकविण्यासाठी ‘उद्धरण’ म्हटलेला परिच्छेद त्याला दुसऱ्या कोणाचे तरी वचन म्हणून ऐकविला जाऊ शकतो. येथे फसणारा माणूस खराखुरा आहे. डोळस वाचकाला नाव आणि रूप असे दोन आधार असतात, आणि रूप मिळाले की तो नाव ओळखून घेतो. दृष्टिहीन वाचकाला नाव हा एकच आधार असतो. ज्याच्याकडे एकच आधार आहे त्याचा तो आधार पोकळ ठेवणे ही क्षुल्लक बाब म्हणता येणार नाही. हा विचार आता वैयक्तिक प्रयत्नांपुरता उरलेला नाही. लाटेक्ची देखभाल करणाऱ्या गटाने २०२० पासून असा दीर्घकालीन प्रकल्प हाती घेतला आहे की संहितेतील नावे छापील रूपाबरोबरच संगणकीय पानाच्या पोटातही जावीत आणि वाचून दाखविणाऱ्या साधनांना ती मिळावीत. त्या पोटात खोटे नाव गेले तर तेही तितक्याच इमानाने पुढे नेले जाईल.

यावर आणखी एक आक्षेप संभवतो. परिणामांवरून दोष ठरवावयाचा तर ज्या लेखनाला दृष्टिहीन वाचक कधीच लाभला नाही तेथे दोषही नाही, असे म्हणावे लागेल. या आक्षेपाचे उत्तर संहितेच्या आयुष्यात सापडते. टेक् ही आज्ञावली कनूथ यांनी जाणूनबुजून स्थिर ठेवली आहे. १९८९ नंतर तिच्यात दोषदुरुस्तीपलीकडे मोठा बदल होऊ द्यावयाचा नाही असे ठरले. तिचे आवृत्तिक्रमांक वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी जे गुणोत्तर, त्या ‘पाय’च्या दिशेने एकेक अंक सरकतात. २०२१ साली तो क्रमांक ३.१४१५९२६५३ झाला. आपल्या निधनानंतर क्रमांक ‘पाय’ असा करावा आणि उरलेले दोष हे गुणधर्म मानावेत, अशी त्यांची इच्छा जाहीर आहे. या स्थैर्यामुळे चाळीस वर्षांपूर्वीच्या संहितेपासून आजही पान काढता येते. ग्रंथाचा आकार बदलतो, ठसा बदलतो, कागदाची जागा पडदा घेतो. संहिता तीच राहते. म्हणजे पान ही संहितेच्या आयुष्यातील एक अवस्था ठरते. संहितेत नोंदविलेले नाव हे आजच्या पानापुरते सांगणे नसून पुढे येणाऱ्या, अद्याप अज्ञात असलेल्या वाचकाला दिलेले वचन आहे, आणि घेणारा समोर नाही म्हणून वचन वचन राहत नाही असे कोणी मानीत नाही.

तरीही सोयीसाठी चुकीचे नाव देणाऱ्याला खोटारडा म्हणणे अन्यायाचे होईल, हे मान्य केले पाहिजे. जो आपल्या अंदाजाला ‘प्रमेय’ हे नाव देऊन त्याला क्रमांकाची आणि ठशाची प्रतिष्ठा मिळवून देतो तो खोटे बोलतो. त्याचे खोटे पानावरही दिसते. आत सरकविण्यासाठी ‘उद्धरण’ म्हणणारा खोटे बोलत नाही. तो खऱ्याखोट्याविषयी बेफिकीर असतो. परंतु ही बेफिकिरी नैतिकदृष्ट्या निर्दोष नाही. खोटे बोलणारा निदान सत्य काय हे मनात बाळगून ते लपवीत असतो. बेफिकीर माणूस शब्दाचा अर्थाशी असलेला संबंधच सोडून देतो आणि शब्दाकडे केवळ परिणाम घडविणारी कळ म्हणून पाहतो.

४

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की संचाने दिलेली नावे जशीच्या तशी पाळली की लेखकाचे कर्तव्य संपले. प्रश्न इतका सरळ नाही. कारण संचातील नावे स्वतःच निःपक्षपाती नाहीत. लाटेक्मध्ये शब्दावर भर देण्यासाठी ‘एम्फ’ ही आज्ञा आहे. ती तिरप्या ठशाचा उल्लेख करीत नाही. केवळ ‘येथे भर आहे’ असे सांगते, आणि भोवतालचा मजकूर आधीच तिरपा असेल तर भर दिलेला शब्द सरळ ठशात येतो. नाव आणि रूप यांच्या फारकतीचे हे नमुनेदार उदाहरण. पण ही आज्ञा मराठीत आणली की तिचे मूळ उघडे पडते. देवनागरीत तिरप्या ठशाची परंपरा रोमनइतकी रुजलेली नाही. शिवाय मराठी लेखकाला भर देण्यासाठी बहुधा ठशाकडे जावेच लागत नाही. तो ‘च’ लावतो, ‘तर’ घालतो, शब्दांचा क्रम फिरवितो. भर हा त्याच्या वाक्याच्या व्याकरणातच असतो. तेव्हा ‘भर’ हा शुद्ध अर्थाचा, रूपातीत घटक नसून रोमन मुद्रणातील तिरप्या ठशाच्या वापराला दिलेले अमूर्त नाव आहे, असे म्हणावयास जागा राहते. नाव आधी आणि रूप नंतर, हा क्रम सर्वत्र खरा नाही. पुष्कळदा रूपाच्या सवयीतूनच नाव निपजलेले असते.

लिपीच्या बाबतीतही हेच दिसते. नेदरलँड्समध्ये फ्रान्स वेल्तुइस यांनी १९९१ साली टेक्साठी देवनागरी ठसे उपलब्ध केले. पुढे या संचात अक्षरांच्या मुंबई आणि कोलकाता वळणांतून निवड करण्याची सोय झाली. अक्षर कोणते हे सांगितले म्हणजे ते कसे दिसावे हा गौण प्रश्न, असे तत्त्व सांगते. मराठी वाचकाला मात्र ‘ल’ आणि ‘श’ यांचे वळण परके दिसले की मजकूरच परका वाटू लागतो.

काव्याच्या बाबतीत तर संचालाच आपल्या तत्त्वाला मुरड घालावी लागली आहे. गद्यात ओळ कोठे संपते हे कोणाचेच विधान नसते. म्हणूनच ते वाईटपणाच्या आणि दंडाच्या हिशेबावर निर्धास्तपणे सोपविता येते. लाटेक्मधील ‘पद्य’ या घटकात मात्र प्रत्येक ओळीचा शेवट लेखकाने स्वतः खुणेने नोंदवावा लागतो. मुक्तछंदाच्या कवीला हे सांगावयास नको. ज्या क्षणी ओळ तोडणे हाच अर्थ होतो, त्या क्षणी रूप हे नावाच्या बाजूला येऊन बसते. आशय आणि अभिव्यक्ती यांची सीमा कोठे आहे हा साहित्यशास्त्रातील जुना वाद येथे एका तांत्रिक संचाच्या नियमावलीत पुन्हा भेटतो, आणि नियमावलीचे उत्तरही तेच आहे: सीमा स्थिर नाही, ती लेखनप्रकारागणिक सरकते.

यातून यथार्थ नामकरणाचे कर्तव्य रद्द होत नाही. ते अधिक कठीण होते. लाटेक्मधील तयार रचना वैज्ञानिक निबंधाच्या सोयीची आहे: विभाग, उपविभाग, प्रमेय, आकृती, कोष्टक. बखरीच्या किंवा अभंगगाथेच्या संपादकाने आपला मजकूर या खणांत कोंबला तर त्याचे प्रत्येक नाव संचाच्या दृष्टीने अचूक आणि ग्रंथाच्या दृष्टीने चुकीचे असेल. सुदैवाने मॅक्रोच्या कल्पनेतच यावर उपाय आहे: कोणीही लेखक नवे नाव घडवू शकतो. ‘ध्रुवपद’, ‘पाठभेद’, ‘नाममुद्रा’ अशी नावे संपादकाने स्वतः निर्माण करावी आणि त्यांचे रूप काय असावे हे एकाच ठिकाणी, सावकाश ठरवावे. ॲस्टरमध्येही लेखकाने घडविलेले असे नवे नाव कसे उच्चारावे याचा नियम जोडता येत होता, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे. प्रामाणिकपणा दिलेल्या नावांच्या आज्ञाधारकपणात नाही. आपल्या मजकुराला कोणते नाव शोभते हे ओळखणे, आणि तसे नाव उपलब्ध नसल्यास ते घडविण्याचे कष्ट घेणे, यात तो आहे.

५

मर्ढेकरांनी वाङ्मयीन महात्मतेचा विचार करताना लेखकाच्या आत्मनिष्ठेला जे महत्त्व दिले त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यांचा प्रश्न अनुभव आणि आविष्कार यांच्यातील इमानाचा होता; संहिता आणि पान यांच्यातील इमानाचा प्रश्न त्याहून पुष्कळ साधा, व्यावहारिक आहे. तथापि दोहोंत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी तपासणी बाहेरून करता येत नाही. आत्मनिष्ठेचा अभाव जसा सफाईदार रचनेखाली झाकला जाऊ शकतो, तसे खोटे नाव देखण्या पानाखाली झाकले जाते; आणि पान जितके देखणे तितके ते झाकणे पक्के. कनूथ यांच्या ठशांनी सजलेला निबंध पाहताच तो विचारपूर्वक लिहिला असावा असा विश्वास वाचकाच्या मनात उत्पन्न होतो. तो विश्वास यंत्राने मिळविलेला आहे, लेखकाने नव्हे.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागते. पानावर न दिसणारे असत्य असू शकते. कारण पान हा लेखकाच्या शब्दांचा एकमेव मुक्काम नाही आणि डोळे हा वाचनाचा एकमेव मार्ग नाही. बहुतेक वेळा ते असत्याच्या नव्हे तर बेफिकिरीच्या रूपात वावरते, त्यामुळे ते करणाऱ्यालाही जाणवत नाही. जुळारी होता तेव्हा लेखकाची ही बेफिकिरी तो आपल्या समजुतीने भरून काढी. आता ते काम करणारे कोणी नाही. समासाबाहेर गेलेल्या ओळीपुढे यंत्र काळी पट्टी उमटवील. खोट्या नावापुढे ती खूण लेखकालाच, आणि कोणी पाहत नसताना, उमटवावी लागेल.